नोकरी जाते, कायक जात नाही

(कपिलधार येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेले हे कपिलधार म्हणजे संत शिरोमणी मन्मथस्वामींची समाधिभूमी. कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्याच्या गावागावांतून, तसेच शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येथे पायी येतात. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. शास्त्राचे ज्ञान संस्कृत जाणणाऱ्यांपुरते न राहता ते शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, घरातल्या माउलीच्या भाषेत उतरावे, ही त्यामागची तळमळ होती. ज्ञान कितीही थोर असले तरी ते ज्याला हवे त्याच्या भाषेत पोहोचत नाही, तोवर त्याच्यासाठी ते नसल्यासारखेच असते.

ज्या परंपरेत स्वामी उभे राहिले, त्या महात्मा बसवेश्वरांच्या परंपरेने समाजाला दोन शब्द दिले. एक 'कायक' आणि दुसरा 'दासोह'. प्रामाणिकपणे, ईश्वरार्पण बुद्धीने केलेले श्रम म्हणजे कायक आणि त्या श्रमाचे फळ समाजाच्या चरणी वाहणे म्हणजे दासोह. आजच्या विषयाचे सूत्र या दोन शब्दांत सामावलेले आहे. नोकरी आणि कायक हे समानार्थी शब्द नाहीत. नोकरी दुसऱ्याने दिलेली असते, म्हणून ती दुसऱ्याला काढूनही घेता येते. कायक मात्र ज्याचे त्याने स्वीकारलेले असते.

घरात बसलेला कर्ता पुरुष

नोकरी जाणे ही काय आपत्ती असते, हे ज्या घरावर ती कोसळते त्यालाच कळते. बीड जिल्ह्यातील असंख्य तरुण पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत व कार्यालयांत कामाला आहेत. कंत्राट संपले, कारखान्याची एखादी पाळी बंद झाली, की हा तरुण गावी परततो. २०२० च्या टाळेबंदीत तर असे परतणारे तांड्या-तांड्याने आले. पैशाची चणचण तर होतेच, परंतु त्याहून जिव्हारी लागतो तो पारावरचा प्रश्न, "सध्या काय करतोस?" त्या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून तो पारावर जाण्याचे टाळतो. लग्नकार्याला जाण्याचे टाळतो. घरातील वडीलधारी मंडळी गप्प राहतात आणि ते गप्प राहणे त्याला बोलण्यापेक्षा अधिक टोचते. नोकरीबरोबर पगार तर जातोच, पण आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीवही जाते. तेथेच माणूस खचतो.

अशा प्रसंगी धीराचे चार शब्द पुरत नाहीत, उदाहरण लागते. महाराष्ट्राच्या इतिहासात असे एक उदाहरण आहे.

गणिताचा प्राध्यापक

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. १८८२ साली त्यांचा जन्म झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. त्या काळी घरोघरी घडणारी ही घटना होती आणि घरोघरी ती दैवाच्या खात्यावर मांडली जात असे. रघुनाथराव गणितात निष्णात झाले, फ्रान्सला जाऊन शिकून आले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. प्रतिष्ठेची जागा होती, नियमित वेतन होते. एखादा मनुष्य तेवढ्यावर समाधानाने निवृत्त झाला असता.

परंतु वारंवारच्या बाळंतपणांनी झिजून जाणाऱ्या स्त्रिया त्यांना दिसत होत्या. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. जगाच्या मागे नव्हे, बरोबरीने चाललेला हा मराठी माणूस होता. मिशनऱ्यांनी चालविलेल्या त्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचे हे कार्य रुचले नाही. १९२५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. सव्वीस वर्षे, स्वतःच्या खिशाला खार लावून, मराठी माणसाला त्याच्याच भाषेत शरीराची व आरोग्याची माहिती देण्याचे काम या माणसाने केले. वर्गातील विद्यार्थ्यांपुरते शिकविणारा प्राध्यापक महाराष्ट्राचा शिक्षक झाला.

त्यांची सर्वच मते सर्वांना मान्य होण्यासारखी नव्हती. ते निरीश्वरवादी होते आणि त्यांचे काही विचार आजही अनेकांना पटणार नाहीत. परंतु एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावी लागेल. त्यांना छळण्यात केवळ परके नव्हते. आपला समाजही होता. त्यांच्यावर खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरविण्यात आली. त्या वेळी त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटला हरला आणि दंड झाला. परंतु १९५२ साली स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्या एकाकी माणसाचे म्हणणे देशाने मान्य केले होते. अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' या चित्रपटातून २००१ मध्ये ही कथा पडद्यावर आणली.

या कथेत आणखी एक व्यक्ती आहे, जिचे नाव सहसा घेतले जात नाही. त्या म्हणजे त्यांच्या पत्नी मालतीबाई. पतीची नोकरी गेल्यावर संसार सावरला तो त्यांनी. नोकरी गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे एक घर उभे असते. ते घर डगमगले नाही, तरच त्याला नवे कायक सापडते.

बीडचे दोन आकडे

कर्व्यांचे युग सरले. माहितीची गरज सरली का? याचे उत्तर शोधायला बीड जिल्ह्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

पहिला आकडा जनगणनेचा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ होती. २०११ साली ती ८०७ वर आली. संपूर्ण महाराष्ट्रात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ पासून अस्तित्वात असताना हे घडले. मातृशक्तीची पूजा करणाऱ्या समाजाने या आकड्यासमोर मान खाली घातली पाहिजे.

दुसरा आकडा ऊसतोडीचा. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. एक दिवस काम चुकले की खाडा आणि त्याची भरपाई. पाळीच्या दिवसांतही विसावा नाही, पांढरे पाणी जाण्याचा त्रास अंगावर काढायचा आणि अखेर डॉक्टरांकडे गेल्यावर कर्करोगाचे भय दाखवून गर्भाशय काढण्याचा सल्ला. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा महिलांमागे एक.

गरिबी, मुकादमी पद्धत, काही वैद्यकीय व्यावसायिकांचा लोभ, अशी याची कारणे अनेक आहेत. परंतु त्या भगिनीला कोणी तिच्या भाषेत सांगितले असते, की साध्या जंतुसंसर्गावर औषधाने उपचार होतो, प्रत्येक तक्रार म्हणजे कर्करोग नव्हे, शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, तर त्यांतील कितीतरी जणी वाचल्या असत्या. आणि हेही ध्यानात घ्यावे, की हे दुःख वर्षानुवर्षे घराघरांत होतेच. ते मोजले गेले तेव्हा ते शासनाला दिसले. एक एक घर फिरून नोंद करणाऱ्या हातांनी ते काम केले.

बार्शीने घालून दिलेला धडा

माहिती जीव वाचवू शकते, याचा पुरावा येथून फार दूर नाही. १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवणारे देशातील पहिले केंद्र सुरू झाले. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे त्याच्या कक्षेत घेण्यात आली. शहरातील नोंदणी केंद्रे रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून माहिती गोळा करीत. परंतु खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. मग त्याची नोंद कशी व्हावी? म्हणून बार्शीचे कर्मचारी गावोगाव गेले. लोकांशी बोलले, कोणती लक्षणे दिसताच तपासणीला यावे हे सांगू लागले. ते डॉक्टर नव्हते. त्यांच्याकडे नोंदवही होती, माहिती होती आणि गावकऱ्यांची बोली होती.

काही वर्षांतच एक बदल दिसू लागला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याच अनुभवाच्या पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणीदेखील या कर्करोगाचे मृत्यू कमी करू शकते, हे २००९ मध्ये जगाला कळले ते या दुष्काळी भागातील भगिनींमुळे. त्या अभ्यासातील एका गटाची तपासणी झाली नाही, यावर पुढे टीकाही झाली. ती विसरता कामा नये. ज्याच्याकडून माहिती घ्यायची, त्याचे हित सर्वप्रथम, हा या क्षेत्राचा धर्म आहे.

नवे कायक

आज आरोग्याच्या माहितीचे क्षेत्र विस्तारले आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' भगिनी गावोगाव उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. चौदा अंकी 'आभा' क्रमांकावर रुग्णाच्या नोंदी जोडता येऊ लागल्या. रुग्णालयांना नोंदी ठेवणारी, विम्याची कागदपत्रे जुळविणारी, रुग्णाला योजना समजावून सांगणारी माणसे लागतात. जो तरुण कारखान्यात मालाचा साठा संगणकावर नोंदवीत होता, तो थोड्या प्रशिक्षणाने रुग्णालयातील नोंदी सांभाळू शकतो. कामाचे तंत्र फारसे बदलत नाही. कामाचा अर्थ मात्र पालटून जातो. कालपर्यंत एक अंक चुकला तर खोक्यांचा हिशेब चुकत होता. आता एक अंक चुकला तर एखाद्या बाळाची लस चुकते, क्षयरोग्याचे औषध मध्येच तुटते. ही जाणीव झाली, की पारावरच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळते.

मात्र तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, माहिती देणाऱ्याने वैद्य होऊ नये. औषध सांगणे हे त्याचे काम नव्हे. योग्य वैद्याकडे वेळेवर पोहोचविणे हे त्याचे काम. दुसरे, रुग्णाचे दुःख ही चावडीवर चर्चा करण्याची वस्तू नव्हे. नोंदवहीतील नाव नोंदवहीतच राहिले पाहिजे. तिसरे पथ्य समाजाने पाळायचे आहे. 'सेवा' या पवित्र शब्दाच्या आड कोणाचे श्रम फुकट लाटले जाऊ नयेत. आशा भगिनींना मानधनासाठी वेळोवेळी संप करावा लागला, हे भूषणावह नाही. कायकाच्या परंपरेत श्रमाचे मोल नाकारलेले नाही. ऐतखाऊपणा नाकारलेला आहे.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी अवश्य करावे. आपल्या वस्तीत कोणाची नोकरी गेली असेल, तर त्याच्या घरी जावे. सहानुभूती दाखविण्यासाठी नव्हे, काम सांगण्यासाठी. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांमधील भगिनींपर्यंत मुक्काम हलण्यापूर्वी आरोग्याची माहिती पोहोचवावी. कार्तिकी यात्रेला पायी येणाऱ्या भाविकांच्या मुक्कामाच्या गावी, अन्नदानाच्या मंडपाशेजारी, एक टेबल आरोग्याच्या माहितीचेही असावे. तेथे आपल्याच तालुक्यातला, काल नोकरी गमावलेला तरुण बसलेला असावा. भाकरीचा दासोह कपिलधारला नवा नाही. त्याच्या जोडीला माहितीचा दासोह सुरू व्हावा.

मन्मथस्वामींनी परमार्थाचे रहस्य मराठीत आणले. देहाचे साधे ज्ञान शेवटच्या घरापर्यंत मराठीत पोहोचविण्याचे काम अद्याप उरले आहे. त्या कामाला माणसे हवी आहेत आणि माणसे कामाविना घरी बसली आहेत. या दोघांची गाठ घालून देणे, हीच स्वामींच्या समाधीपुढे वाहिलेली खरी बिल्वपत्रे ठरतील.