अन्ननलिका आणि बाटली

  प्रथेप्रमाणे शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या अध्यक्षाने शाखेच्या प्रगतीचा आढावा घ्यायचा असतो. तो छापील अहवालात आहे. प्रस्तुत वक्त्याने आपला वेळ एकाच गोष्टीसाठी राखून ठेवला आहे, आणि ती बोलायला बरीच वर्षे जागा मिळाली नव्हती.

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. अ‍ॅसिड प्यायलेल्या रुग्णाची आधी दुर्बिणीने तपासणी करावी की सीटी स्कॅन, हा पहिला. स्टेरॉइड द्यावे की नाही, हा दुसरा. दुसऱ्यावर १९९० साली अँडरसन आणि सहकाऱ्यांनी साठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला: स्टेरॉइडने अन्ननलिका आकसणे टळले नाही. तरीही वाद अधूनमधून डोके वर काढतोच.

पहिला वाद प्रस्तुत वक्त्यापुरता एका सराफी कारागिराने मिटवला. कामाच्या टेबलावर पाण्याच्याच बाटलीत अ‍ॅसिड होते. तहानेच्या भरात त्याने दोन घोट घेतले. ओठ स्वच्छ, जीभ स्वच्छ. तातडीच्या विभागातले डॉक्टर त्याला घरी सोडायला निघाले होते. हट्टाने दुर्बीण घातली, तर जठराचा खालचा भाग काळा पडलेला. अल्कली खोल झिरपत जाते आणि अन्ननलिकेला अधिक छळते. अ‍ॅसिडचा मोठा मार बहुधा जठराच्या खालच्या तोंडाशी बसतो, पण अन्ननलिका सुटतेच असे नाही. चंदीगडच्या पीजीआयमधील झरगर आणि सहकाऱ्यांनी हे १९८९ मध्येच दाखवले, आणि १९९१ मध्ये त्यांनी मांडलेल्या जखमेच्या श्रेणी आज जगभर वापरल्या जातात. कारागिराच्या जठराचे खालचे तोंड काही आठवड्यांनी बंद झाले, खाल्लेले सगळे उलटून पडू लागले, आणि जठर थेट लहान आतड्याला जोडावे लागले. तोंड पाहून आतला अंदाज बांधायचा नाही, हा धडा तिथेच पक्का झाला.

पण खरा प्रश्न दुर्बिणीच्या आधीचा आहे. अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत का होते?

हा प्रश्न विचारण्याचा मान पिट्सबर्गच्या शेव्हेलिअर जॅक्सन यांचा. अन्ननलिकेत पाहण्याची साधने घडवणारा हा शल्यचिकित्सक कॉस्टिक सोड्याने जळलेली मुले पाहून पाहून हैराण झाला. साबण करायला आणि नाल्या साफ करायला हा सोडा अमेरिकेत घरोघरी असे, आणि डब्यावर इशारा नसे. जॅक्सन शस्त्रक्रियेच्या टेबलाशी थांबले नाहीत. उत्पादकांच्या विरोधाला तोंड देत त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९२७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने डब्यावर ‘विष’ हा शब्द आणि उपचाराच्या सूचना छापणे सक्तीचे करणारा कायदा केला. पुढे १९६७ मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञाने दाबून फिरवायचे झाकण प्रचारात आणले. त्या झाकणामुळे मुलांच्या विषबाधा घटल्या. दोघेही डॉक्टर, आणि दोघांनाही हे काम आपलेच वाटले.

आपल्याकडे ते कुणाचेच नाही. अ‍ॅसिड हल्ल्यांच्या संदर्भात, असा हल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विक्रीवर निर्बंध घातले: ग्राहकाचे ओळखपत्र, विक्रीची नोंद, अठरा वर्षांखालच्यांना मनाई. तरी संडास-फरशी धुण्याचे अ‍ॅसिड गल्लीत हातगाडीवर शीतपेयाच्या जुन्या बाटलीत, लेबलाशिवाय मिळते. घरी ती बाटली मोरीत, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. मग ते मूल महिन्यामहिन्याला अन्ननलिका रुंद करून घ्यायला येते, शाळा बुडते, वरणभातही उतरत नाही. त्याची आई ‘आता किती वेळा?’ विचारते, आणि आपण तारीख लिहून देतो.

मोठ्यांमध्ये अनेक जण जीव द्यायलाच अ‍ॅसिड पितात. त्यांच्या खाटेशी मनोविकारतज्ज्ञ पहिल्याच आठवड्यात आला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो डिस्चार्ज कार्डावरच्या सल्ल्यात उरतो.

कामे करायची आहेत. प्रत्येक केसपेपरवर ‘बाटली कोणती होती, कुठून आणली’ ही ओळ हवी. तिचा मसुदा कार्यकारिणी करील. अन्न व औषध प्रशासनाकडे शिष्टमंडळ न्यायचे आहे. नावे दुपारच्या बैठकीत ठरतील. ज्यांना सकाळचा वाद पुढे चालवायचा आहे त्यांनी त्याच बैठकीत यावे, आणि आपापल्या वॉर्डातल्या शेवटच्या रुग्णाची बाटली कसली होती ते विचारून यावे.