हस्ताक्षरी अक्षरसंच आणि पहिलीचा कित्ता

(तालुका शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



हल्ली शाळेच्या भिंतीवरील सुविचार, बक्षिसांची प्रमाणपत्रे, पालकसभेचे निमंत्रण आणि मुलांच्या हाती द्यावयाच्या स्वाध्यायपत्रिका ही सर्व कामे संगणकावर होतात. संगणकातील अक्षरसंचांना आपण फाँट म्हणतो. त्यांतील काही संच हाताने लिहिल्यासारखे दिसतात. हे संच कोठे वापरावेत आणि कोठे वापरू नयेत, एवढाच आजचा विषय आहे.

लिहिलेले अक्षर छापण्याची हौस जुनीच आहे. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर काढले. शिळाछापात खिळे जुळवावे लागत नाहीत. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्याचे छाप घेतात. वाचकाच्या हाती येई ते खरोखरच कोणाचे तरी हस्ताक्षर असे. त्यापूर्वी १८१० मध्ये श्रीरामपुरास (आपल्याकडील नव्हे, बंगालमधील) विल्यम कॅरी यांचा मराठी कोश छापला गेला, तो मोडीचे खिळे पाडून. मोडीत आधी पानभर रेघ ओढावयाची आणि मग बोरू होईल तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जावयाचे, अशी रीत. खिळ्यांत ती अक्षरे आली. त्यांची धाव मात्र आली नाही.

संगणकातील हस्ताक्षरी संच या दुसऱ्या जातीचा आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा संच पाहा. तो विनामूल्य मिळतो आणि बारीक, मध्यम व ठळक अशा तीन जाडींत आहे. अक्षरे उजवीकडे कललेली असून साध्या लेखणीने घाईत, पण नीट लिहिल्यासारखी वाटतात. असा संच करणे सोपे नाही. हाताने लिहिताना आपण शब्द पुरा करून वर एक रेघ ओढतो. संचात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकाच उंचीवर जुळावे लागतात. ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच. ‘रि’ लिहिताना हात ती आखूड काढतो, ‘क्षि’ लिहिताना लांबवतो. संच करणाराला निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या आधीच काढून ठेवाव्या लागतात.

निमंत्रणास, हस्तलिखिताच्या मुखपृष्ठास, चित्रकथेतील संवादास किंवा शिक्षकाच्या शाबासकीस असा संच शोभून दिसतो. त्यात एक घरगुती ओलावा असतो. परिपत्रकास तो शोभत नाही, आणि लांब मजकुरास तर त्याने डोळे शिणतात.

खरी काळजी पहिली-दुसरीची आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद ओळखण्यास मुलाला शिरोरेषेतील लहानशा खंडाचा मोठा आधार असतो. हस्ताक्षरी वळणात तो खंड बुजला, की ‘धर’चे ‘घर’ होते. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसले, तर ‘खाना’ ‘रवाना’ होतो. आपण मोठी माणसे संदर्भाने वाचतो, म्हणून हे आपल्या लक्षातही येत नाही. अक्षर नुकतेच ओळखू लागलेल्या मुलापाशी संदर्भाचे बळ नसते. ते अडखळते आणि आपण म्हणतो, याला वाचता येत नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांकडेही पाहावे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच मराठीचे आकार म्हणून दिले आहेत. संगणकात दोन्ही प्रकारच्या ‘ल’चा संकेतांक एकच असतो, कोणता आकार उमटावा ते संचावर अवलंबून. अनेक संच दंडाचा, हिंदीत रूढ असलेला ‘ल’ दाखवतात. मूल पाटीवर एक ‘ल’ गिरवते आणि स्वाध्यायपत्रिकेत त्याला दुसराच भेटतो. म्हणून कोणताही संच मुलांसाठी घेण्यापूर्वी ‘लाल’, ‘शाळा’, ‘खाना’, ‘धर’, ‘भर’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द छापून पाहावेत. शेवटच्या दोहोंतील भेद स्पष्ट दिसत नसेल, तर तो संच बाजूस ठेवावा.

कित्त्याच्या बाबतीत मात्र माझे मत याहून कडक आहे. संचातील ठिपक्यांचे अक्षर मुलाला शेवटचा आकार दाखवते; ‘अ’ कोठून आरंभावा, हात कोठे वळवावा, कोठे उचलावा, हे दाखवत नाही. मूल मग अक्षर लिहीत नाही, चित्रासारखे रंगवते. एकदा खालून वर चढवण्याची सवय लागली, की चौथीपर्यंत त्याच्या लेखनास वेग येत नाही. फळ्यावर शिक्षकाचा हात हलताना दिसणे हाच पहिला कित्ता होय.

छापील कित्ता हवाच असेल, तर केंद्रातील ज्या शिक्षकाचे किंवा शिक्षिकेचे वळण चांगले आहे त्यांनी रेघी कागदावर सावकाश लिहावे आणि त्याच्याच झेरॉक्स प्रती काढाव्यात. जुन्या शिळाछापाची रीत घरच्या घरी साधते. प्रत्येक अक्षराशेजारी आरंभाचा ठिपका आणि दिशेचा बाण द्यावा. डावखुऱ्या मुलांसाठी नमुन्याचे अक्षर ओळीच्या उजव्या टोकासही लिहावे. डावीकडचे अक्षर त्यांच्या हाताखाली झाकले जाते.