यंत्र कोणाचे, लाभ कोणाचा?



नवे यंत्र आले की मालकवर्ग एकच आश्वासन देतो : उत्पादन वाढू द्या, समृद्धी आपोआप कामगारांपर्यंत पोहोचेल. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने तेच आश्वासन पुन्हा दिले जात आहे. अलीकडील संशोधनाने ते इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले आहे.

एंगल्स यांनी १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखाने भरभराटीस आले असता श्रमिक दैन्यात का, हा त्यातील प्रश्न. अर्थेतिहासकार रॉबर्ट ॲलन यांनी २००९ साली त्या कालखंडाची आकडेवारी तपासली. १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले. वास्तव वेतन मात्र अवघे १२ टक्क्यांनी. नफ्याचा वाटा फुगत गेला. या काळाला ॲलन यांनी ‘एंगल्सचा विराम’ असे नाव दिले.

१८४० नंतर वेतने वाढली. ॲलन त्याचे कारण भांडवलसंचयात शोधतात. डॅरन असेमोग्लू व सायमन जॉन्सन यांनी २०२३ च्या ग्रंथात मात्र सत्तेच्या समतोलावर भर दिला. हे दोघे मार्क्सवादी नव्हेत. २०२४ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी आहेत. तरीही तंत्रज्ञानाची दिशा निसर्गनियमाने ठरत नाही, ज्यांच्या हाती सत्ता ते ती ठरवतात, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. चार्टिस्ट चळवळ, १८४७ चा दहा तासांचा कायदा, १८७१ साली कामगार संघटनांना मिळालेली कायदेशीर मान्यता : ही संघर्षाची फळे होती, यंत्राची नव्हेत.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हा धडा ग्रंथातून शिकावा लागला नाही. एकेका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा योजनांविरुद्ध १९२८ साली त्यांनी एप्रिल ते ऑक्टोबर संप लढवला. त्यांचा विरोध मागाला नव्हता. वाढलेल्या कामाचा भार कामगारावर आणि बचत मालकाच्या तिजोरीत, या व्यवस्थेला होता.

आजचे चित्र? जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

म्हणून यंत्र हवे की नको, हा खरा प्रश्नच नव्हे. यंत्र बसण्यापूर्वी कामाचे तास, रोजगाराची हमी, नवे प्रशिक्षण आणि वाढीव उत्पन्नातील वाटा यांचा करार झाला पाहिजे. यंत्र बसल्यानंतर केवळ निवेदने देऊन भागत नाही. विराम आपोआप संपत नसतो, कॉम्रेड्स. संघटित श्रमिकच तो संपवतात.