उद्या पुन्हा पळायचंय!

लोकलमध्ये ऐकताय ना? आवाज जरा वाढवा, कारण आजचा विषय आपल्या बोरिवली-अंधेरीच्या रस्त्यावरूनच जातो.

अहमदाबादचा हायवे दहिसरला मुंबईत शिरतो आणि पुढे आपला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे होतो. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईपर्यंत पळत आले. ५२७ किलोमीटर, अनवाणी, पन्नाशीत, आणि तेही भर पावसाळ्यात! वाटेत मनोरला त्यांच्या आई उषाताई साडीतच, अनवाणी, त्यांच्यासोबत पळाल्या. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल.

सगळे विचारतात, अनवाणी कसं जमलं? मला वेगळाच प्रश्न पडतो. इतकं पळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठायचं कसं? मल्टी-डे अल्ट्रा म्हणजे नेमकं हेच. आज जोर लावून उपयोग नाही, उद्या पाय उचलला पाहिजे.

आणि आपली हवा दमट. मी नॅशनल पार्कात पळते. जुलैत कान्हेरीचा चढ संपेपर्यंत टी-शर्ट पिळून घ्यावा लागतो. पण शरीर गार होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता आल्यामुळे नाही. आपल्याकडे तो वाळतच नाही. म्हणून हिवाळ्यातला पेस इथे विसरा. पळताना सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता येतंय का बघा. नाही आलं, तर चाला. अल्ट्रात चालण्याची लाज नसते.

आता जिवाशी खेळणारी गोष्ट. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला अर्धवट आहे. तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, फिटही येऊ शकते. लोकांना वाटतं डिहायड्रेशन झालंय, आणि ते आणखी पाणी पाजतात! म्हणून तहानेप्रमाणे प्या. ओआरएस जवळ ठेवा, पण तेही ढोसू नका. पळण्याआधी आणि पळून आल्यावर वजन करा. वाढलेलं दिसलं, तर तुम्ही जास्त प्यायलात. आणि सोबतचा कुणी असंबद्ध बोलायला लागला, तर पळणं तिथेच थांबवा आणि त्याला थेट डॉक्टरकडे न्या.

पायांचं म्हणाल, तर ओल्या मोज्यात कातडी पांढरी, मऊ पडते आणि मग फोड येतात. पिशवीत कोरडे मोजे हवेतच. घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावा.

ह्या आठवड्याचा गृहपाठ: शनिवारी तुमचं नेहमीचं लांब अंतर आरामात पळा, आणि रविवारी त्याच्या निम्मं. रविवारी पाय काय म्हणाले, ते मला सांगा. शनिवारचे किलोमीटर सगळेच स्टोरीला टाकतात. मला रविवारचे हवेत.

भेटू पुढच्या भागात!