चाकांवरचे बिऱ्हाड



जुन्या ट्रकचे राहते घर करताना यजमानांनी पाण्याची टाकी टपावर आखली. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो ओझे. वळणावर गाडी कलंडेल, असे मी म्हटले, तेव्हा ती खाली चाकांच्या मधोमध आली.

मला खरा घोर गॅसचा. हा वायू हवेहून जड; गळला की जमिनीलगत साठतो, आणि सासूबाई तर खालीच निजतात. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पुरता बंद केला, दार बाहेरून ठेवले आणि तळाला भोक पाडून घेतले. सुतार हसला, मी हटले नाही.

चूक एकच झाली. असा बदल करण्याआधी 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. आम्ही आधी सुतार बोलावला! चार महिने गाडी दारातच उभी होती. सासूबाई मात्र रोज दुपारी तिच्यात जाऊन निजत.