पेट्रोलचा काटा



रहिमतपूरहून कोरेगावमार्गे पुसेगावला जाताना वर्धनगडच्या घाटात पेट्रोलचा काटा वरखाली झाला तर घाबरू नका. चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, तसा काटाही सरकतो. सपाटीला आल्यावरही तो भलतंच दाखवत असेल, तर मात्र बिघाड शोधायला हवा.

बहुतेकजण आधी डॅशबोर्डावरच्या मीटरला दोष देतात आणि नवा मीटर घेऊन मोकळे होतात. माझ्या मते हा खर्च सगळ्यात शेवटी करावा. दोष बऱ्याचदा मागे, टाकीपाशी असतो. पाण्याच्या टाकीत असतो तसा इथेही एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांड्याचं टोक एका पट्टीवर घासत फिरतं आणि विजेचा रोध बदलतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकी भरलेली असली की रोध कमी, रिकामी झाली की जास्त. फ्लोटला भोक पडून पेट्रोल आत शिरलं, की तो बुडतो आणि टाकी भरलेली असूनही काटा तळाला. पट्टी झिजली, तर काटा दर वेळी त्याच पातळीला उडी मारतो. टाकीचा अर्थ, म्हणजे बॉडीशी जोडणारा सांधा, गंजला, तर अशा गाडीत काटा असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. हा अर्थ आधी बघा. पॉलिश पेपरनं घासायला पैसे पडत नाहीत.

पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम बिघडले, तर टाकी उघडूच नका. फ्यूज बघा, मग व्होल्टेज स्टॅबिलायझर. जुन्या धाटणीच्या अनेक गाड्यांत या दोघांना एकाच स्टॅबिलायझरमधून वीज जाते.

भरल्या टाकीला रोध कमी असणाऱ्या जुन्या गाड्यांत टँक युनिटची, म्हणजे टाकीतल्या फ्लोट-पट्टीची, परीक्षा मेकॅनिक अशी करतात: चावी बंद ठेवून मागच्या सीटखालचा सॉकेट काढायचा, युनिटकडे जाणारी वायर छोट्या बल्बमार्फत बॉडीला जोडायची आणि मग चावी फिरवायची. काटा वर चढला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीत. हलला नाही तर वायर तपासा, मग मीटर. नव्या गाड्यांत काटा संगणक चालवतो. तिथे हा प्रयोग नको, स्कॅनर लावावा.

टाकी उघडायची वेळ आलीच, तर ती मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत साचते. आसपास विडीसुद्धा नको.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी फुल्ल करा आणि ट्रिपमीटर शून्यावर आणा, म्हणजे किती अंतर झालं त्यावरून उरलेल्या पेट्रोलचा अंदाज येईल. ट्रॅक्टरवाल्यांचं बरं असतं, वरून झाकण काढून काडी बुडवली की डिझेल कळतं. कारच्या वाकड्या नळीत काडी जात नाही.