शेवट ठाऊक असलेली गोष्ट



 यवतमाळला लागून, दारव्हा रस्त्यावर वसलेलं लोहारा हे आमचं गाव. यवतमाळनं १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं पाहिली आहेत. आजचा आपला मांडव लहान आहे आणि विषय एकच: वाचकाला धरून ठेवणारी कथा लिहायची कशी?

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. कोरडवाहू शेत, कापूस, थकलेलं कर्ज, एवढं पहिल्या परिच्छेदात आलं की वाचकाला शेवट कळतो. तो हळहळतो आणि पान उलटतो. वर्तमानपत्रांनी आमचं दुःख जगापुढे मांडलं, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्यातून इथल्या माणसाची गोष्ट आधीच सांगून झाल्यासारखी झाली. मग लेखकानं काय करावं?

हरिभाऊ आपट्यांकडे पाहा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय येतं, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. तरीही लोक पुढच्या अंकाची वाट पाहत, कारण तिची नायिका यमू स्वतः बोलत होती, अगदी लहानपणापासूनचं सांगत होती. आधी ती वाचकाच्या घरातली झाली. तिचं दुःख मागून आलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या वऱ्हाडात उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ कादंबरीत कौतिक उभी केली. तिच्या गरिबीवर त्यांनी व्याख्यान दिलं नाही. तिला तिच्या वऱ्हाडीत बोलू दिलं, भांडू दिलं, पोरांसाठी हट्टाला पेटू दिलं. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला, बेकार एकनाथही असाच. कर्ज आणि नापिकी त्याच्या घरात येते ती नवरा-बायकोच्या धुसफुशीतून, बापाच्या तुटक बोलण्यातून. या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण आमच्याकडच्या वाचकानं ती वाचली ती आपल्याच घरातलं भांडण ऐकू आल्यासारखी.

आजच्या गोष्टीतही हे जमू शकतं. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागे आणि औषध अंगावर, तोंडावर उतरे. एवढा एक तपशील नीट लिहिला, तर वाचक त्या तासात उभा राहील. पाठीवरचा पंप, चिकटलेला सदरा, धुऱ्यावर ठेवलेली भाकर. यातलं काहीही समजावून सांगू नका. ‘बिचारा’ हा शब्द तर लिहूच नका. तो लिहिला की वाचकाच्या वाट्याचं काम लेखकानं उरकून टाकलं असं होतं. वाचक अडाणी नसतो. त्याला जोडायला दोन धागे मोकळे ठेवले, तरच तो गुंततो.

माझी तरुण लेखकांना एक कळकळीची विनंती आहे. आज संध्याकाळच्या कथावाचनाला गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायका, पंप पाठीवर घेणारे गडी समोर बसणार आहेत. त्यांच्यापुढे वाचा. कुठे चुळबूळ झाली, कुठे कुणी शेजारणीशी बोलायला लागलं, तिथे पानावर पेन्सिलीनं खूण करा. वाचन संपल्यावर लगेच उठू नका. त्यांच्यात बसा आणि ‘पंप असा धरत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर तेही लिहून घ्या. जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, बोलायला रात्र मोकळी आहे.